गाठीवरचा ठसा

गावचा पाळक अप्पा कोल्लूथ याने मातीच्या ओल्या गोळीवर अंगठी दाबली आणि उचलली. ठसा दुहेरी उमटला होता. अंगठीवर एक कबुतर कोरलेले होते; मातीत मात्र दोन कबुतरे एकमेकांच्या अंगावर बसल्यासारखी दिसत होती.

"हात हलला तुमचा," धर्मसभेने पाठवलेला डीकन फिब म्हणाला. "पण चालेल. ओळखू येतंय."

मातीची गोळी गाठीवर होती, गाठ जाड तागाच्या फडक्याची होती आणि फडक्यात भाकर होती. भाकरीशेजारी एक गुंडाळलेले पत्र होते. कोल्लूथने ना फडके सोडून भाकर पाहिली होती, ना पत्र उघडले होते. पाहायचे काय त्यात? गेली एकतीस वर्षे नाईलचा पूर ओसरला की खालच्या अंगाला चार दिवसांवर असलेल्या पेशनाईहून त्याचा मित्र अप्पा हेर्मिनोस एक भाकर पाठवत असे. दोनदा भाजलेली, वाटेत बुरशी धरू नये म्हणून दगडासारखी कडक केलेली आणि मधोमध लाकडी छाप मारलेली. प्रार्थना म्हणून छाप मारलेली भाकर एका गावच्या पाळकाने दुसऱ्या गावच्या पाळकाला धाडायची आणि त्याने ती मोडून खायची, म्हणजे आपण दोघे एका पंगतीतले. हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळत होते. आणि भाकर परत आली म्हणजे काय, हेही कळत होते.

उंबऱ्याच्या बाहेर, उन्हात, पातेर्मूथ उभा होता. पेशनाईची भाकर दर वर्षी तोच घेऊन यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या तोंडात सगळे दात होते आणि डोक्यावर केस होते; आता दोन्ही जेमतेम उरले होते. अंगणात बायाबापड्या जमल्या होत्या. सगळ्यांनी पाहावे म्हणून फिबनेच त्यांना बोलावून घेतले होते.

"आता तेवढं म्हणा," फिब हळूच म्हणाला.

शब्द फिबनेच आणले होते, धर्मसभेच्या कागदावर लिहून. कोल्लूथला ते तीन दिवसांत पाठ झाले होते. त्याने उंबऱ्याकडे बघत म्हटले, "हेर्मिनोसच्या छापाची भाकर मी घेत नाही. त्याचं पत्र मी उघडत नाही. त्याच्या माणसाला मी घरात घेत नाही."

पातेर्मूथने काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले. फिबने हात वर केला. रागाने नव्हे, रस्त्यात गाढव आडवे आले तर माणूस जसा सहज हात करतो तसा. पातेर्मूथने कोल्लूथकडे पाहिले. कोल्लूथने खाली पाहिले. मग पातेर्मूथने पुढे होऊन दोन्ही हातांनी ते गाठोडे उचलले आणि तो नदीच्या वाटेला लागला. अंगणातली एक म्हातारी विधवा उगीचच रडायला लागली. तिला बहुधा काय झाले ते नीटसे कळलेही नव्हते.

फिब काही वाईट माणूस नव्हता. त्याच्या पायाला चालून चालून फोड आले होते आणि तरी तो आल्यापासून कुणावर खेकसला नव्हता. सभेचा कागद त्याने हलक्या आवाजात वाचून दाखवला होता. हेर्मिनोसशी जो पंगत ठेवील त्याच्या देवळाला कुलूप लागेल आणि तिथल्या विधवांचा गहू बंद होईल, हे वाक्य वाचताना तर तो अडखळलाही होता. वाईट माणूस असता तर कोल्लूथला त्याचा राग तरी करता आला असता. इथे राग करायला एकच माणूस उरत होता आणि त्याच्याच बोटात ती अंगठी होती.

"उलटा वारा पडला की होडी सुटेल," फिब म्हणाला. "तोवर मी देवळाच्या ओट्यावर बसून अहवाल लिहून काढतो. गाठ माझ्या डोळ्यांदेखत हेर्मिनोसच्या हातात द्यायची आहे, जशीच्या तशी. सोडायची त्यांनीच." थोडे थांबून तो म्हणाला, "अवघड होतं, अप्पा. तुम्ही निभावलंत."

तो गेला. बायाही गेल्या. कोल्लूथ अंगणातल्या बाकावर बसला आणि बोटाला लागलेली माती चोळत राहिला.

भांडणाचे मूळ एका मेलेल्या माणसात होते. कोल्लूथ आणि हेर्मिनोस दोघेही म्हाताऱ्या अप्पा इसिओनच्या हाताखाली शिकले होते. तीन वर्षे दोघांनी एक चटई वापरली होती, एका पाटीवर अक्षरे गिरवली होती आणि एकाच्या चुकीचा मार दुसऱ्याने खाल्ला होता. निघताना म्हाताऱ्याने बाभळीच्या एकाच फळीतून दोन छाप कोरून दोघांना दिले. हेर्मिनोसच्या छापातल्या क्रुसाचा डावा हात पहिल्याच वर्षी एका कुत्र्याने चावून तोडला. नवा करून घे, असे कोल्लूथने त्याला किती पत्रांतून लिहिले असेल. हेर्मिनोसने केला नाही. त्यामुळे पेशनाईच्या भाकरीवरचा क्रूस कायम एका हाताने आखूड असायचा आणि कोल्लूथ ती मोडण्याआधी तो आखूड हात अंगठ्याने चाचपून बघायचा.

म्हातारा जाऊन वीस वर्षे झाली आणि मग धर्मसभेला त्याच्या लिखाणातली चार वाक्ये खटकली. शापाचा कागद निघाला. त्यावर प्रत्येक गावच्या पाळकाने सही करायची होती. कोल्लूथने केली. मेलेल्याला शाप लागत नाही, आणि जिवंत माणसांचे देऊळ तर उघडे राहते, असे त्याने स्वतःला समजावले, आणि ते समजावणे त्या दिवशी पुरलेही. हेर्मिनोसने मात्र कागदाच्या खाली एकच ओळ लिहून तो परत पाठवला: ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावर मी आरोप करत नाही. त्या एका ओळीने सगळे गेले.

एक ओळ! हेर्मिनोस तसाच होता. त्या काळच्या सगळ्या पाळकांना पत्रे लिहायची हौस होती. टोपलीभर खजूर धाडायचे तरी सोबत तीन हात लांब पत्र जायचे आणि त्यात खजुराची गोडी, कठीण आठळी आणि आत्म्याची उंची यांचा मेळ घातलेला असायचा. कोल्लूथ त्यातला पट्टीचा. त्याची पत्रे तीन गावांत उतरवून घेत आणि ते त्याला ठाऊक असल्यामुळे तो ती जरा तशाच बेताने लिहीत असे. हेर्मिनोसचे उत्तर दोन ओळींचे यायचे. एका वर्षी त्याने लिहिले होते, 'खजूर उत्तम होते. तुझे पत्र वाचून होईपर्यंत सगळे संपले. बाकी पातेर्मूथ सांगेल.'

बाकी पातेर्मूथ सांगेल. हेच खरे पत्र असायचे. पातेर्मूथ आला की त्याला अंगणात बसवायचे, पाय धुवायला पाणी द्यायचे, मसूर आणि कांदा वाढायचा. त्याचे खाऊन होईपर्यंत कोणी काही विचारायचे नाही. मग तो तोंड पुसायचा, डोळे मिटायचा आणि बोलू लागायचा. हेर्मिनोसने जे जसे सांगितले ते तसेच, त्याच्या खोकल्यासकट. पत्र कोणाच्याही हाती पडू शकते, म्हणून जे जिवाभावाचे ते माणसाच्या तोंडी द्यायचे, अशी त्या मुलखाची रीतच होती. आणि आणणाऱ्याचे पोट भरल्याशिवाय ते तोंड उघडत नसे.

"त्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाहीस," त्याची थोरली बहीण तायसे दारातून म्हणाली. कोल्लूथचे घर तीच सांभाळत होती, आणि घरापुरते तरी कोल्लूथलाही.

"नियम आहे, अक्का."

"नियमात भाकर आहे, पत्र आहे, घर आहे. मी कान देऊन ऐकत होते. पाणी कुठे आहे त्यात?"

"अगं, तो त्याचा माणूस."

"एकतीस वर्षं आपल्या अंगणात जेवला तो. तुझ्या तापात चार दिवस राहून तुला पंखा घातला होता त्यानं, विसरलास? आज उन्हात उभा करून हाकलून दिलास. आणि नदीकाठ म्हणजे काही तुझं घर नव्हे."

ती आत गेली आणि एका हातात पाण्याची सुरई, दुसऱ्या हातात मसुराचा वाडगा घेऊन आली. दाराच्या आड खजुराची टोपली झाकून ठेवलेली होती. दर वर्षीसारखी तिनेच भरलेली, वर कोल्लूथचे चार हात लांब पत्र ठेवलेली. फिब यायच्या आधीच सगळे तयार होते. तिने टोपलीकडे पाहिले, मग भावाकडे.

"ती नको," कोल्लूथ म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं?" ती म्हणाली. "मी नेऊ का तू नेतोस हे?"

सुरई आणि वाडगा त्यानेच घेतला. पाणी हा निव्वळ बहाणा होता. त्याला निरोप हवा होता. शिव्या असल्या तरी चालणार होत्या. किंबहुना शिव्याच असाव्यात असे त्याला वाटत होते, कारण शिव्या खाऊन माणूस जरा हलका होतो.

पातेर्मूथ काठावर झाऊच्या झाडाच्या सावलीत बसला होता. गाठोडे त्याने मांडीवर घेतले होते. पलीकडे नावाडी होडीत पेंढा रचत होते आणि वाऱ्याला नावे ठेवत होते. कोल्लूथने सुरई पुढे केली. पातेर्मूथने आधी वाटेकडे पाहिले, देवळाच्या ओट्याकडे पाहिले आणि मग घेतली. तो बराच वेळ प्यायला. वाडगाही त्याने घेतला. उरलेल्या दातांनी कांदा चावायला त्याला वेळ लागत होता. कोल्लूथ शेजारी मातीत बसला आणि वाट पाहत राहिला. एवढी एक रीत तरी पाळावी असे त्याच्या मनात होते.

खाता खाता पातेर्मूथने तिकडची हकीकत सांगितली. पेशनाईच्या देवळाला लाकडे ठोकली होती. दारात दोन शिपाई बसवले होते. पातेर्मूथ परत पोहोचेल त्याच्या दुसऱ्याच दिवशी अप्पा हेर्मिनोसना वाळवंटातल्या मरूद्यानात हलवणार होते, एका घोंगडीनिशी. तिथे पाठवलेले कोणी परत आल्याचे त्याच्या ऐकिवात नव्हते. खोकला वाढला होता. रस्त्यात लोक तोंड फिरवून जात होते. रागाने नव्हे, भीतीने. भाकरी भाजणारी तेरे, जिच्या तीन पोरांचा बाप्तिस्मा अप्पांनी केला, तिनेही या वेळी पीठ मळून द्यायला हात जोडून नकार दिला. भट्टी तेवढी वापरू दिली, तीही दुपारी, सगळे झोपले असताना.

"मग मळलं कुणी?"

"त्यांनीच. पहिल्यांदाच आयुष्यात. वाकडी झालीय."

कोल्लूथला हसू आले. हेर्मिनोसला चुलीजवळ कोणी उभे करत नसे. शिकत असताना त्याने एकदा लापशीचे भांडेच जाळले होते आणि मार कोल्लूथने खाल्ला होता.

वाडगा रिकामा झाला. पातेर्मूथने तो पालथा ठेवला आणि तोंड पुसले.

"निरोप आहे," तो म्हणाला. "द्यायचा का, ते तुम्ही सांगायचं. घरात तर तुम्ही घेतलं नाहीत मला."

"दे."

पातेर्मूथने डोळे मिटले. त्याचा चेहरा बदलला. खांदे जरा पुढे आले, हेर्मिनोसचे यायचे तसे. तो हलकेच खोकला आणि बोलू लागला.

"कोल्लूथ, लेका, घाबरू नकोस. तू सही केलीस ते कळलं. तुझ्या मागं दोनशे माणसं आहेत आणि त्यातल्या निम्म्या विधवा. माझ्या मागं आता कोणीच नाही, त्यामुळे मला सोपं गेलं. तेव्हा ते सोड. आता ऐक. या भाकरीवर मी छाप मारलेला नाही. प्रार्थनासुद्धा म्हटली नाही. मळताना सवयीनं ओठ हलायला लागले, तर ते दाताखाली धरले. हे नुसतं पीठ आहे आणि मीठ, आणि मीठ जरा जास्त पडलंय. ही देवळाची भाकर नाही, माझी आहे. सभेचा कागद मी तीनदा वाचला. त्यात छापाची भाकर असं लिहिलंय. बिनछापाच्या भाकरीबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा जो कोण माणूस तुझ्या उरावर बसवला असेल, त्याच्यासमोर फडकं सोड, त्याला दोन्ही बाजू दाखव, आणि खा. पत्रात हेच लिहिलंय. तुला पत्रं आवडतात म्हणून या खेपेला जरा लांब लिहिलंय. उत्तर पाठवू नकोस. तुझी उत्तरं लांब असतात आणि मला निघायचंय. तू खाल्लीस, एवढंच पातेर्मूथनं येऊन मला सांगावं. तेवढं ऐकून निघेन."

पातेर्मूथने डोळे उघडले. पुन्हा तोच दात पडलेला, उन्हाने रापलेला माणूस समोर होता.

होडीवर कोणीतरी पेंढ्याच्या भाऱ्यावरून घसरले आणि बाकीचे हसले. कोल्लूथला ते हसणे फार लांबून ऐकू आले. शिव्यांची तयारी करून आलेल्या माणसाला कोणी डोक्यावरून हात फिरवला तर तो कुठे जाणार?

"दारात का नाही सांगितलंस?" त्याने विचारले.

"बसवलं नाहीत, अप्पा. विचारलंही नाहीत." पातेर्मूथच्या बोलण्यात टोचणी नव्हती. "मी तोंड उघडलं होतं. तुम्ही खाली बघितलंत. मला वाटलं, तुम्हाला ऐकायचंच नाहीये. एकतीस वर्षांत न विचारता मी कधी बोललो नाही."

"पण एवढी गोष्ट..."

"आणि मला वाटलं, गाठ तरी सोडाल. गाठ सोडली असती तरी दिसलंच असतं की."

हे खरे होते. एवढेच पुरेसे होते. गाठ सोडायची, फडके बाजूला करायचे. फिबनेही अडवले नसते. फिब तर अक्षराला अक्षर लावणारा माणूस, कागदात नाही म्हटल्यावर त्याने खांदे उडवले असते. हेर्मिनोसने सगळा विचार केला होता. शिपाई, सभा, कागद, फिब, सगळ्यांना त्याने हिशेबात धरले होते. आपला मित्र भाकरीकडे बघणारसुद्धा नाही, एवढे एकच त्याच्या मनात आले नव्हते.

कोल्लूथने हात पुढे केले. पातेर्मूथने गाठोडे त्याच्या हातात दिले.

त्याने फडक्यावरूनच भाकर चाचपली. कड एका बाजूला जाड होती, दुसऱ्या बाजूला पातळ. वाकडी होती खरीच. अंगठा मधोमध नेला आणि सवयीने आखूड हात शोधू लागला. वर काही नव्हते, खाली काही नव्हते. भाजताना आलेला एक फुगा तेवढा लागला आणि त्याच्या पलीकडे सगळे सपाट. त्याने भाकर उलटी केली आणि मागून चाचपली. मग पुन्हा पुढून. अंगठा फिरत राहिला.

पातेर्मूथने नदीकडे तोंड केले.

"माझं काम पोचवायचं," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "गाठीवर लक्ष ठेवायचं काम माझं नाही. ठसा तुमचा आहे, अप्पा. आणि मी जे बघीन तेच तिथं सांगीन. न बघितलेलं मला सांगता येत नाही. तेव्हा काय करायचं ते करा आणि मला बघायला बोलवा."

ठसा मोडायला आता फक्त अंगठा दाबायचा होता. माती अजून पुरती सुकली नव्हती. कोल्लूथने नख कडेला लावले. मातीचा एक लहान कपचा सुटून त्याच्या मांडीवर पडला. दोन कबुतरांपैकी एकाचे शेपूट गेले.

आणि त्याच वेळी त्याला ओट्यावरचा अहवाल आठवला. फिबच्या सुबक अक्षरात त्यावर लिहिलेले असणार: छापाची भाकर न घेता परत केली, सर्वांसमक्ष. आता फडके सोडून, बघा, छापच नव्हता, असे म्हणायचे. मग फिब विचारणार, तुम्हाला कसे कळले? म्हणजे त्याच्या माणसाचा निरोप घेतलात? म्हणजे दारात जे म्हणालात ते दारापुरतेच होते? मग दुसरा कागद. मग पुन्हा देऊळ, कुलूप, विधवा, गहू. कोल्लूथने ही सगळी माळ मनात ओढली आणि प्रत्येक मणी खराच होता. पण त्या मण्यांच्या तळाशी दुसरेच काहीतरी आहे, हेही त्याला दिसत होते. फिबसमोर उभे राहून 'मी बघितलंच नव्हतं' एवढे तीन शब्द उच्चारायची त्याला लाज वाटत होती. विधवा नंतर आठवल्या होत्या. आधी लाज आठवली होती.

वारा पडला. झाऊची पाने हलायची थांबली आणि होडीवरून कोणीतरी हाळी दिली.

देवळाच्या बाजूने फिब येत होता, फोडांमुळे जरा लंगडत, काखेत अहवालाची गुंडाळी. त्याने सुरई पाहिली, पालथा वाडगा पाहिला, कोल्लूथच्या मांडीवरचे गाठोडे पाहिले. ओरडेल तर बरे, असे कोल्लूथला वाटले. कोणीतरी ओरडायला हवे होते.

"पाणी दिलंत?" फिब म्हणाला. "चांगलं केलंत. माझ्याच लक्षात यायला हवं होतं. पाण्याला कुठे बंदी आहे." मग तो वाकला आणि गाठ निरखू लागला. "ही कड गेली की."

"सुकताना तडकली असेल," पातेर्मूथ नदीकडे बघतच म्हणाला.

"पेशनाईत कोणी म्हणायला नको की वाटेत उघडली म्हणून. तुमच्याच नावाला बट्टा लागेल, अप्पा." फिबने काठावरची चिमूटभर ओली माती घेतली, बोटांनी मळली, तुटलेल्या जागी लावली आणि सगळा ठसाच पुसून गोळी सारखी केली. "एकदा पुन्हा दाबता?"

कोल्लूथने त्याच्याकडे पाहिले. फिबच्या डोळ्यांत घाई नव्हती. कदाचित त्यालाही काही जाणवले असेल, कारण तो खालच्या आवाजात म्हणाला, "काही सांगायचंय का, अप्पा?"

एवढा सोपा प्रश्न त्याला त्या दिवशी दुसऱ्या कोणी विचारला नव्हता.

"नाही," कोल्लूथ म्हणाला.

त्याने बोट वळवून अंगठी नीट वर आणली आणि मातीवर टेकवली. फडक्याखाली भाकरीचा सपाट भाग त्याच्या मनगटाला लागत होता. त्याने दाबले, मनातल्या मनात तीन मोजले आणि सरळ उचलले. या वेळी हात हलला नाही. एकच कबुतर उमटले, चोचीपासून नखांपर्यंत रेखीव.

"आता कसा स्वच्छ आला," फिब समाधानाने म्हणाला आणि लंगडत होडीकडे निघाला.

पातेर्मूथ उठला. त्याने अंगरखा झटकला, गाठोडे घेतले आणि काखेत नीट धरले. ठशाकडे त्याने एकदा पाहिले. मग तो दर वर्षी निघताना राहायचा तसा कोल्लूथसमोर उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले. परतीचा निरोप तो असाच घेत असे. डोळे मिटून ऐकायचे, एकदा पुटपुटून पाहायचे आणि मग चार दिवस ते ओझे सांभाळून न्यायचे.

कोल्लूथच्या पायाशी सुरई होती. एकतीस वर्षांत त्याला शब्द कमी पडले नव्हते. टोपलीभर खजुरांसाठी त्याला तीन हात कागद लागत असे. त्याने ओठ उघडले. फिब दहा पावलांवर होता, पाठमोरा. हळू बोलले असते तर त्याला ऐकूही गेले नसते. 'खाल्ली म्हणून सांग' हे म्हणता येत नव्हते. 'शांती असो म्हणून सांग' म्हणता आले असते. 'वाकडी झालीय' म्हणता आले असते. त्याने ओठ मिटले.

पातेर्मूथ उभा होता. त्याच्या पापण्या उन्हात थरथरत होत्या. नावाड्याने दुसऱ्यांदा हाळी दिली, मग तिसऱ्यांदा, शिवी घालून.

पातेर्मूथने डोळे उघडले. निरोप नीट ऐकून घेतल्यावर हलवायचा तशी त्याने मान हलवली आणि तो होडीकडे चालू लागला.